जठर आणि ग्रहणीतील व्रण : कारणे आणि स्वरूप

पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या हाडाखाली जळजळ सुरू झाली की आपल्याकडे बहुतेक घरांत एकच निदान होते : पित्त झाले. मग थंड दूध, कोकम सरबत, सोडा, औषधाच्या दुकानातली एखादी गोळी, दोन दिवस मुगाची खिचडी असे उपचार होतात आणि पुष्कळदा आरामही पडतो. पण याच जळजळीमागे कधी कधी जठराच्या किंवा ग्रहणीच्या आतल्या भिंतीवर पडलेला व्रण असतो. दुधाने वा गोळीने थांबते ती वेदना. व्रण तिथेच राहतो, किंवा भरतो आणि काही महिन्यांनी उलटतो. आम्लाशिवाय हा व्रण होत नाही हे खरे. तरीही बहुतेक रुग्णांत आम्ल हे त्याचे मूळ कारण नसते. भिंतीचे संरक्षण मोडणारे दुसरेच काहीतरी आधी घडलेले असते, आणि ते शोधून दूर केल्याशिवाय हा रोग संपत नाही. पुढील विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

ग्रहणी म्हणजे जठर संपताच सुरू होणारा लहान आतड्याचा पहिला भाग. त्याची लांबी सुमारे २५ सेंटिमीटर असते. जठर आणि ग्रहणी या दोन्हींच्या आत श्लेष्मल आवरण असते आणि त्या आवरणाच्या तळाशी स्नायूंचा एक अगदी पातळ थर असतो. वरवर पृष्ठभाग खरवडला गेला तर ती नुसती झीज. ती थोड्या दिवसांत भरते आणि मागे खूण राहत नाही. तो पातळ स्नायुथर भेदून जखम खाली उतरली की तिला व्रण म्हणतात. दुर्बिणीने तपासणी करणारे डॉक्टर व्यवहारात साधारण ५ मिलीमीटर किंवा त्याहून मोठ्या, खोली असलेल्या जखमेला व्रण मानतात. असा व्रण भरताना वण ठेवतो, आणि पुढच्या काही गुंतागुंती या वणामुळेच उद्भवतात. दोन्ही ठिकाणच्या व्रणांना मिळून पचनज व्रण असे नाव आहे. बोलण्यात मात्र सगळे 'अल्सर'च म्हणतात.

आता जो प्रश्न आधी विचारायला हवा तो असा : व्रण का होतो यापेक्षा, तो सगळ्यांनाच का होत नाही? जठर दिवसाला सुमारे दोन लिटर रस तयार करते. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल इतके तीव्र असते की रसाचा पीएच एक ते दोनपर्यंत खाली येतो. त्याच्या जोडीला पेप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर असते. मांस पचवू शकणारा हा रस ज्या पिशवीत साठतो ती पिशवीही मांसाचीच आहे. ती शाबूत राहते ती अनेक पदरी संरक्षणामुळे. आवरणावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो. त्या थरात पेशी बायकार्बोनेट सोडतात, त्यामुळे पोकळीत तीव्र आम्ल असतानाही पेशींच्या लगत ते जवळजवळ उदासीन झालेले असते. पृष्ठभागावरच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात आणि तीन ते पाच दिवसांत बदलल्या जातात. खालून भरपूर रक्तपुरवठा असतो आणि आत झिरपलेले थोडेफार आम्ल तो वाहून नेतो. या साऱ्या व्यवस्थेला चालना देतात ती प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये. म्हणून व्रणाचे कारण शोधायचे तर रसात नुसते किती आम्ल आहे हे पाहून भागत नाही; या पदरांपैकी कोणता फाटला, ते पाहावे लागते.

वैद्यकाला हे उमगायला बराच काळ लागला. १९१० मध्ये झाग्रेबचे शल्यविशारद कार्ल श्वार्ट्झ यांनी आम्ल नाही तर व्रणही नाही, असा सिद्धांत मांडला. तो चुकीचा नव्हता, पण त्यातून निघालेला उपचारांचा मार्ग पाऊणशे वर्षे आम्लापाशीच घुटमळत राहिला. १९१५ मध्ये शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी तासातासाला दूध, साय आणि अल्कली देण्याचा आहार सुचवला. पुढे जठराचा भाग कापून टाकणे आणि आम्लस्रावाची आज्ञा आणणारी व्हेगस चेता छेदणे या शस्त्रक्रिया रूढ झाल्या. १९७६ मध्ये सिमेटिडिन बाजारात आले. हिस्टामिनचा आम्लस्रावावरचा परिणाम रोखणारे हे औषध ज्यांच्या संशोधनातून आले त्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. व्रण आता आठवड्यांत भरू लागले. पण गोळी थांबवली की वर्षाच्या आत बहुसंख्य रुग्णांचा व्रण परत येई. ही पुनरावृत्तीच सांगत होती की आम्लाच्या मागे आणखी काहीतरी आहे.

ते काय आहे हे ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात दिसले. रॉयल पर्थ रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या सुजलेल्या आवरणाच्या नमुन्यात वळणदार जंतू आढळले. इतक्या आम्लात जंतू जगूच शकत नाहीत ही त्या काळची पक्की समजूत होती. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांच्या कामात सामील झाले. जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याचे त्यांचे प्रयत्न फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की बशा टाकून देण्याची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत बशा जास्त दिवस उबदार कपाटात राहिल्या आणि जंतू उगवले. ते मुळात सावकाश वाढणारे होते. शंभर रुग्णांच्या त्यांच्या अभ्यासात ग्रहणीव्रणाच्या प्रत्येक रुग्णात आणि जठरव्रणाच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक रुग्णांत हा जंतू सापडला. तरीही जंतू कारण की व्रणाच्या जागी आलेला नुसता पाहुणा, हा आक्षेप उरला. १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन पाहिले. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीत जठराचा तीव्र दाह दिसला. त्यांना व्रण झाला नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्या धाडसी प्रयोगाने सिद्ध झाले ते एवढेच की निरोगी जठरात हा जंतू दाह निर्माण करतो. जंतू नाहीसा केला की व्रणाची पुनरावृत्ती थांबते, हा निर्णायक पुरावा नंतरच्या अनेक उपचार-चाचण्यांतून आला. १९८९ मध्ये या जंतूला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले आणि २००५ मध्ये वॉरन व मार्शल यांना नोबेल.

हा जंतू आम्लात टिकतो तो युरिएज या विकराच्या बळावर. त्या विकराने तो युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचे आम्ल मारतो. शेपटांच्या साहाय्याने तो श्लेष्म्यात शिरतो आणि पेशींना चिकटतो. संसर्ग बहुधा बालपणी, घरातल्या घरात होतो. दाटीवाटीची वस्ती, अस्वच्छ पाणी आणि गरिबी यांच्याशी त्याचा संबंध स्पष्ट आहे. उपचार न केल्यास तो बहुधा जन्मभर राहतो. भारतात प्रौढांच्या फार मोठ्या भागात तो असतो. पण संसर्ग झालेल्यांपैकी साधारण दहा-पंधरा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी व्रण होतो. मग उरलेले कसे सुटतात?

याचे उत्तर दाह जठराच्या कोणत्या भागात आहे यावर बरेच अवलंबून आहे, आणि या साऱ्या विषयातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग मला हाच वाटतो. जठराच्या खालच्या, ग्रहणीकडच्या भागात दाह असेल तर तिथल्या सोमॅटोस्टॅटिन स्रवणाऱ्या पेशींचे काम मंदावते. हे संप्रेरक आम्लस्राव वाढवणाऱ्या गॅस्ट्रिनला लगाम घालते. लगाम सुटला की गॅस्ट्रिन वाढते आणि जठराच्या वरच्या, निरोगी राहिलेल्या भागातून आम्ल जास्त स्रवते. ते ग्रहणीत उतरते. सततच्या आम्लाला तोंड देताना ग्रहणीच्या आवरणात जठरासारख्या पेशींची ठिगळे तयार होतात. हेलिकोबॅक्टर फक्त जठराच्या जातीच्या पेशींनाच चिकटतो; आता त्याला ग्रहणीतही जागा मिळते. तिथे दाह होतो, संरक्षण ढासळते आणि ग्रहणीव्रण पडतो. याउलट दाह जठराच्या मुख्य भागात पसरला तर आम्ल तयार करणाऱ्या पेशीच हळूहळू नष्ट होतात. आम्ल कमी होते, पण आवरण इतके दुबळे झालेले असते की त्या थोड्या आम्लानेही जठरात व्रण पडतो. याच वाटेने पुढे काहींना जठराचा कर्करोग होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये हा जंतू पहिल्या वर्गातील कर्करोगकारक ठरवला. एकच जंतू, पण एकाचे आम्ल वाढते आणि दुसऱ्याचे घटते. जठरव्रण आणि ग्रहणीव्रण यांना एका नावाखाली ठेवले तरी ते एकाच रोगाचे दोन पत्ते नाहीत.

भारताच्या नकाशाने या प्रश्नात आणखी एक पदर उघडला आहे. पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६४ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून दाखवले की दक्षिणेतल्या भात खाणाऱ्या भागांत ग्रहणीव्रण जास्त आणि उत्तरेतल्या गहू खाणाऱ्या भागांत कमी आढळतो. पुढे मुंबईत त्यांनी बऱ्या झालेल्या रुग्णांच्या आहाराची तुलना केली, तेव्हा भात खाणाऱ्या गटात व्रण कितीतरी अधिक वेळा उलटला. म्हैसूरला अनेक वर्षे काम केलेले शल्यविशारद फ्रँक टोव्ही यांनाही असाच प्रादेशिक फरक दिसला. हेलिकोबॅक्टर तर दोन्हीकडे आहे. तेव्हा हा नकाशा एकट्या जंतूने समजत नाही. अन्न किती चावले जाते, धान्य किती कांडलेले असते, त्यातले कोणते स्निग्ध अंश आवरण राखतात, असे तर्क मांडले गेले. मला या निरीक्षणांचे मोल मोठे वाटते, कारण जंतूचा शोध लागताच आहाराचा प्रश्न जवळजवळ बाजूला पडला. महाराष्ट्रात तर घाट उतरला की भाकरीचा मुलूख संपून भाताचा सुरू होतो. हा प्रश्न नव्या साधनांनी पुन्हा तपासायला याहून सोयीची भूमी क्वचितच मिळेल.

दुसरे मोठे कारण आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात असते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या वेदनाशामकांचे काम प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवून होते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. गुडघ्यातले प्रोस्टाग्लँडिन कमी झाले की सूज उतरते; पण जठराच्या भिंतीचे रक्षण करणारे प्रोस्टाग्लँडिनही त्याच वेळी कमी होते. हा परिणाम रक्तावाटे होतो. त्यामुळे गोळी जेवणानंतर घेतली, आतड्यात विरघळणाऱ्या वेष्टणाची घेतली किंवा तिच्याऐवजी इंजेक्शन घेतले, तरी धोका पुरता टळत नाही. हृदयविकारासाठी रोज घेतली जाणारी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनही याला अपवाद नाही. पासष्टीपुढचे वय, आधी झालेला व्रण, सोबत स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारे औषध आणि हेलिकोबॅक्टरचा संसर्ग यांपैकी काहीही असेल तर धोका वाढतो. ही औषधे वेदना दडपत असल्याने त्यांनी पडलेला व्रण पुष्कळदा दुखतच नाही. पहिली खूण म्हणजे थेट रक्तस्राव. नेहमीच्या मात्रेतले पॅरासिटॅमॉल त्या मानाने जठराला पुष्कळ सुरक्षित आहे. सांधेदुखीवर मिळणाऱ्या, घटक न छापलेल्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अशी पुडी वर्षानुवर्षे घेणाऱ्या वृद्धाला आपण कोणते औषध घेतो हेच सांगता येत नाही, आणि डॉक्टरच्या हातून कारण निसटते.

उरलेली कारणे थोडक्यात. स्वादुपिंडात किंवा ग्रहणीत गॅस्ट्रिन स्रवणारी गाठ झाली तर आम्लाचा पूर लोटतो आणि अनेक, हट्टी, नेहमीपेक्षा खालच्या जागी पडलेले व्रण दिसतात. झोलिंजर आणि एलिसन यांनी १९५५ मध्ये वर्णिलेला हा विकार विरळा आहे, पण आम्लच मूळ कारण असण्याचे ते खरे उदाहरण. मोठे भाजणे, डोक्याला गंभीर इजा, अतिदक्षता विभागातले दीर्घ आजारपण यांत जठराचा रक्तपुरवठा आटून व्रण पडतात. ओ रक्तगटाच्या लोकांत ग्रहणीव्रण थोडा अधिक आढळतो. धूम्रपानाने व्रण भरायला वेळ लागतो आणि तो अधिक वेळा उलटतो.

मानसिक ताणाबद्दल मात्र थोडे थांबायला हवे. एके काळी व्रण हा चिंता करणाऱ्यांचा रोग मानला जाई. जंतू सापडल्यावर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. पण १९९५ च्या जपानमधील कोबे परिसराच्या भूकंपानंतर रक्तस्राव होणारे जठरव्रण वाढले, विशेषतः वृद्धांत. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव झाला तेव्हा फुटलेल्या व्रणांची संख्या चढली होती. ताण एकटा व्रण पाडतो असे म्हणता येत नाही, पण आधीच दुबळ्या झालेल्या भिंतीला तो ढकलतो असे मानायला जागा आहे. तिखटाची गोष्ट वेगळी. दिल्लीत १९८४ मध्ये ग्रहणीव्रणाच्या रुग्णांना उपचारांबरोबर रोज तीन ग्रॅम लाल तिखट देऊन पाहिले. तिखट न घेणाऱ्यांइतकेच त्यांचेही व्रण भरले. तिखटाने जळजळ वाढू शकते, व्रण होतो असा पुरावा नाही. उपवासाचेही तसेच. रिकाम्या पोटी दुखते म्हणून उपवासाने अल्सर झाला असे म्हटले जाते, पण रिकाम्या पोटी दुखणे हे आधीच असलेल्या व्रणाचे लक्षण आहे.

आता व्रणाचे रूप. ग्रहणीव्रण बहुतांशी ग्रहणीच्या पहिल्याच भागात, जठराच्या दारापासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असतो. जठरव्रण बहुधा जठराच्या लहान वक्र कडेवर, खालच्या आणि मधल्या भागांच्या सांध्याजवळ पडतो. साध्या व्रणाची कड रेखीव, खाली सरळ उतरणारी असते आणि तळ स्वच्छ, पांढुरका असतो. कडा उंच, गाठीगाठींच्या, बाहेर वळलेल्या असतील आणि तळ ओबडधोबड असेल तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते. हा धोका जठरातच. ग्रहणीव्रणाचा कर्करोग जवळपास होत नाही. नुसते डोळ्यांनी पाहून निर्णय करणे धोक्याचे असते, म्हणून जठरव्रणाच्या कडेचे अनेक तुकडे काढून तपासतात.

लक्षणांत वेदना मुख्य. ती बेंबीच्या वर, मध्यरेषेत, जळल्यासारखी किंवा कुरतडल्यासारखी असते. ग्रहणीव्रणात ती जेवणानंतर दोन-तीन तासांनी सुरू होते, मध्यरात्रीनंतर झोपेतून उठवते आणि काही खाल्ले की शमते. काही आठवडे दुखणे आणि मग कित्येक महिने काहीच नाही, असा तिचा फेरा असतो. जठरव्रणात खाल्ल्यावर दुखणे वाढते, त्यामुळे माणूस जेवायला भितो आणि वजन उतरते. अन्न पचण्याच्या वेळी उठणाऱ्या या वेदनेची जाण आपल्याकडे जुनी आहे. माधवनिदानात परिणामशूलाचे वर्णन येते ते अशाच दुखण्याचे. पण वेळेवरून जागा ओळखण्याची ही रीत भरवशाची नाही. अनेक रुग्णांत दोन्हींची सरमिसळ असते, आणि दुर्बिणीत व्रण दिसलेल्या कित्येकांना कधीच काही दुखलेले नसते.

गुंतागुंत सर्वांत अधिक आढळते ती रक्तस्रावाची. ग्रहणीच्या मागच्या भिंतीलगत मोठी रोहिणी जाते. तिथला व्रण खोल गेला की ती उघडी पडते. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट द्रव्य येते, शौचास डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होते. पन्नास-शंभर मिलिलिटर रक्तानेही शौच काळे होते. लोहाच्या गोळ्यांनीही ते काळे दिसते, पण तशा वासाचे व चिकट नसते. थोडेथोडे रक्त गेले तर फक्त थकवा आणि रक्तक्षय दिसतो. फुटतो तो बहुधा पुढच्या भिंतीवरचा व्रण. क्षणात असह्य कळ येते, पोट लाकडासारखे कडक होते, रुग्ण हलायला तयार नसतो; उभ्याने काढलेल्या एक्स-रेत श्वासपटलाखाली हवा दिसते. काही तासांनी वेदना उतरल्यासारखी वाटते तो काळ सर्वांत फसवा असतो, कारण तेव्हा पोटभर दाह पसरत असतो. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर जीव जातो. वारंवार भरलेल्या व्रणाच्या वणाने जठराचे दार अरुंद झाले तर आदल्या दिवशीचे अन्न उलटून पडते.

कारणांचा विचार इतका लांबवला तो उपचार त्यांवरच ठरतो म्हणून. ओमेप्रॅझोलसारख्या आम्लरोधक औषधांनी चार ते आठ आठवड्यांत बहुतेक व्रण भरतात, पण जंतू राहिला तर वर्षभरात निम्म्याहून अधिक उलटतात. जंतू गेला तर हे प्रमाण फारच थोडे उरते. जंतूची तपासणी श्वासावरून, शौचावरून किंवा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यावरून होते. आधीपासून चालू असलेल्या आम्लरोधक गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद नसतील तर जंतू असूनही ती नकारार्थी येऊ शकते. 'पित्ताची गोळी' रोज सकाळी घेणाऱ्याने हे डॉक्टरांना सांगायलाच हवे. जंतूवर दोन किंवा तीन औषधांचा सहसा चौदा दिवसांचा पूर्ण क्रम आम्लरोधकासह घ्यावा लागतो. आपल्याकडे मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांना हा जंतू पुष्कळ ठिकाणी दाद देत नाही, त्यामुळे बिस्मथ असलेली चार औषधांची योजना वाढत्या प्रमाणात वापरली जाते. क्रम संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू खरोखर गेला का, हे श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने पाहतात. जठरव्रणाच्या रुग्णाला आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीसाठी बोलावतात. तोवर दुखणे पूर्ण थांबलेले असते, म्हणून अनेक जण जात नाहीत. पण आम्लरोधकांनी कर्करोगाचा व्रणही वरवर भरून येऊ शकतो, आणि तो ओळखण्याची संधी त्या दुसऱ्या तपासणीतच असते.